सी थेप दाखवा, पण ‘आपलंच’ म्हणून विकू नका : थायलंडच्या सहली नेणाऱ्या मराठी आयोजकांना खुले पत्र

प्रति,
थायलंडच्या सहली आखणारे मराठी पर्यटन व्यावसायिक, त्यांचे नियोजक आणि टूर मॅनेजर

स. न. वि. वि.

तुमची थायलंडची पत्रकं दिवाळीआधी आणि उन्हाळ्याआधी नेमाने येतात. पूर्वी पेपरातून पडायची, आता व्हॉट्सॲपवर येतात. दर बदलतो, मजकूर तोच. दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक. कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड, नदीतल्या बोटीवरचं जेवण, सोन्याचा बुद्ध, रत्नांचं दुकान आणि शेवटच्या दिवशी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेल्या माणसाला समुद्र, रोषणाई आणि रात्री वरण-भात मिळाला की तो खूश असतो. परक्या गावात चाळीस माणसांना वेळेवर वरण-भात घालणं हे काही खायचं काम नाही, हेही मी जाणतो.

पण आता थायलंडला दुसऱ्या-तिसऱ्यांदा निघालेली मंडळी तुमच्याकडे येतात. पन्नाशी-साठी ओलांडलेली, वेरूळ-अजिंठा दोनदा पाहिलेली, हंपी-बदामी करून आलेली, गुडघे अजून धड असलेली. त्यांना तुम्ही फुकेत आणि क्राबी दाखवता, म्हणजे आणखी समुद्र. या मंडळींसाठी एक प्रांत सुचवायचा आहे आणि त्याबरोबर एक अटही घालायची आहे. प्रांताचं नाव फेचबून. अट पुढे सांगतो, कारण ती तिथलं सी थेप हे प्राचीन नगर पाहिल्याशिवाय पटायची नाही.

फेचबून बँकॉकच्या उत्तरेला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. मधून पा साक नदी दक्षिणेकडे वाहते, दोन्ही अंगांना डोंगरांच्या रांगा. पश्चिमेकडे मध्य थायलंडची भातखाचरं, पूर्वेकडे इसानचं, म्हणजे ईशान्य थायलंडचं पठार, आणि दोन्हींना जोडणारी ही खोऱ्याची वाट. रेल्वे नाही, २१ क्रमांकाचा महामार्ग खोऱ्यातून सरळ वर जातो. बँकॉकहून सकाळी निघालात तर तीन-साडेतीन तासांत प्रांताच्या दक्षिण टोकाला, उसाच्या आणि मक्याच्या शेतांमध्ये, सी थेपला पोहोचता.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये रियाधच्या बैठकीत युनेस्कोने सी थेपला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. थायलंडच्या सांस्कृतिक स्थळांपैकी आधीची तीन म्हणजे अयुथ्थया, सुखोथाय आणि बान चियांग. ती १९९१-९२ मध्येच यादीत गेली होती. त्यानंतर तीस वर्षांनी नंबर लागला तो या आडगावाचा. थायलंडमधली शाळकरी मुलं आज तिथे सहलीला येतात. तुमच्या पत्रकात मात्र ते नाव मला अजून दिसलेलं नाही.

तिथे आहे काय? खंदक आणि मातीचे तट असलेलं जोडनगर. आतलं जुनं, जवळजवळ वर्तुळाकार. त्याला पूर्वेकडून चिकटलेलं बाहेरचं, वाढत्या वस्तीचं. सहाव्या ते दहाव्या शतकात ते भरात होतं. त्या काळच्या मध्य थायलंडच्या संस्कृतीला द्वारवती म्हणतात. आतल्या नगरात खाओ क्लांग नाय नावाच्या मोठ्या बौद्ध वास्तूचं जोतं उरलंय. त्या जोत्याशी चुन्यात घडवलेले ठेंगू गण हात वर करून वास्तूचा भार झेलताहेत, काहींची तोंडं माणसांची, काहींची प्राण्यांची. अजिंठ्या-औरंगाबादच्या लेण्यांत खांबांच्या माथ्यावर बसलेल्या गणांची ज्याला ओळख आहे, तो इथे थबकणारच. जवळच ख्मेर (कंबोडियातल्या साम्राज्याच्या) काळातले विटांचे प्रांग, म्हणजे शिखरं. त्यांतल्या जोडप्रांगाच्या दारावरच्या पाटावर नंदीवर बसलेले शिव-पार्वती. बाजूच्या एका छपराखाली उत्खननाचा खड्डा तसाच उघडा ठेवलाय. त्यात माणसांचे सांगाडे आहेत आणि एका हत्तीचाही.

नगराच्या उत्तरेला थोडं बाहेर खाओ क्लांग नोक. गावकरी कित्येक पिढ्या ही टेकडीच समजत होते. २००८ मध्ये पुरातत्त्व खात्याने माती काढली आणि खालून जांभा दगडाचं पायऱ्यापायऱ्यांचं प्रचंड जोतं निघालं : चौरसाची प्रत्येक बाजू ६४ मीटर, आजची उंची वीसेक मीटर. द्वारवती काळातली एवढी मोठी वास्तू थायलंडात दुसरी नाही. कोकणातल्या माणसाला तर दगडाचा रंगच आधी ओळखीचा वाटेल. माझा सल्ला : इथे दुपारी बारा वाजता कोणाला उतरवू नका. सावलीला झाडही नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतर, जेव्हा जांभ्यावर तिरपं ऊन येतं.

आता सी थेपची खरी श्रीमंती. तीतलं बरंचसं सी थेपला नाहीच, ते बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तुम्ही राजवाडा दाखवता, संग्रहालयाच्या दारावरून बस पुढे नेता. आत सी थेपचा वालुकाश्मातला गोवर्धनधारी कृष्ण उभा आहे. हात शाबूत नाहीत, पण अंगाचा बाक पाहिला की पाटी वाचावी लागत नाही. शिवाय विष्णू, आणि सूर्य. सी थेपला सूर्याच्या मूर्ती इतक्या सापडल्या आहेत की तिथे सूर्यपूजेचा चांगला जोर असावा.

हा कृष्ण वेरूळच्या दशावतार लेण्यातल्या गोवर्धनधाऱ्याशेजारी मनात ठेवून पाहा. आपला कृष्ण कातळातून अर्धा बाहेर आलेला, पाठ डोंगराला लागलेली. आपल्याकडच्या मोकळ्या मूर्तींनाही मागे बहुधा दगडाची पाठ किंवा प्रभावळ असते. तिच्या आधाराने हात, आयुधं, मुकुट तग धरतात. सी थेपच्या शिल्पकाराने ती पाठच काढून टाकली. मूर्ती चारही बाजूंनी मोकळी, कमरेत वळलेली, आणि आधाराला काही नाही. दगडात असं करणं म्हणजे घोट्यापाशी मूर्ती मोडण्याचा धोका पत्करणं. तरी त्यांनी तो पत्करला, आणि म्हणून या मूर्तींत जी हालचाल आहे ती त्या काळच्या आग्नेय आशियात इतरत्र फारशी दिसत नाही. देव भारतातून गेला होता हे खरंच. त्याला असं उभं करण्याची हिकमत तिथल्या हातांची होती.

माझी अट इथेच आहे. सी थेप दाखवा, पण ‘हे सगळं आपलंच’ म्हणून दाखवू नका.

का म्हणतो ते सांगतो. एका सहलीत, कोणाच्या ते महत्त्वाचं नाही, अयुथ्थयाच्या वाटेवर बसमध्ये माइकवरून सांगितलं गेलं की हा सगळा मुलूख पूर्वी आपल्या राजांनी जिंकला होता, म्हणून इथे राम आणि गरुड आहेत. बसभर टाळ्या पडल्या. पुढच्या सीटवर थाई गाइड बसली होती. तिला मराठी येत नव्हतं. टाळ्या कशासाठी, असं तिने उतरताना दोघा-तिघांना विचारलं. सांगायला कोणी पुढे झालं नाही.

भारतातल्या कुठल्या राजाने सी थेप जिंकल्याचा पुरावा नाही. चोळांची १०२५ ची समुद्री स्वारी इतिहासात आहे, पण ती सुमात्राच्या श्रीविजय राज्याच्या बंदरांवर; पा साकच्या खोऱ्याशी तिचा काही संबंध नाही, आणि तोवर सी थेपचा बहर ओसरत आला होता. देव, लिपी, संस्कृत आणि बुद्धाची शिकवण इथे आली ती व्यापारी, भिक्षू आणि ब्राह्मणांबरोबर. इथल्या राजांनी आणि कारागिरांनी त्यातलं हवं ते घेतलं, नको ते सोडलं, आणि एकाच नगरात विष्णू, सूर्य आणि धर्मचक्र शेजारी शेजारी बसवलं. जिंकल्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली आहे. ती सांगायला थोडा अभ्यास लागतो, एवढाच तिचा दोष. मला भीती वाटते ती याची की सी थेप तुमच्या हाती लागलं की पत्रकावर ‘थायलंडमधील प्राचीन हिंदू नगरी’ असं ठळक छापून येईल आणि खाओ क्लांग नोकच्या बौद्ध जोत्यासमोर कोणीतरी माइक हातात घेईल.

जिंकण्याचं सोडा, लुटीची गोष्ट सांगा. सी थेपच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर खाओ थमोरात नावाचा एकटा डोंगर आहे. सी थेपकरांचा हा पवित्र डोंगर. वारशाच्या नोंदीत त्याचाही समावेश आहे. वरच्या गुहेत महायान भिक्षूंनी कातळावर बुद्ध आणि बोधिसत्त्व कोरले होते. गेल्या शतकात, साधारण साठच्या दशकाच्या आगेमागे, चोरांनी छिन्नीने त्यांची शिरं काढून नेली. त्यांतली काही बँकॉकच्या जिम थॉम्पसनच्या संग्रहात पोहोचली. हाच तो रेशमाचा अमेरिकन व्यापारी, ज्याचं कालव्याकाठचं लाकडी घर आज संग्रहालय आहे आणि तुमच्यातले काही जण तिथे पर्यटकांना नेतातही. १९६२ मध्ये सरकारने ती शिरं ताब्यात घेतली. सी थेपच्या इतर अनेक मूर्ती अमेरिकेतल्या संग्रहालयांत गेल्या, कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयातही सी थेपच्या मूर्ती आहेत. त्या परत मिळाव्यात असं तिथल्या लोकांचं म्हणणं आहे. देवळातून मूर्ती चोरीला गेल्यावर गाव कसं सुन्न होतं हे आपल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गुहेपर्यंतची चढण मात्र दमवणारी आहे. पायथ्यावरून डोंगर दाखवा आणि शिरं बँकॉकच्या संग्रहालयात दाखवा, तेवढं पुरे.

हे नगर पुन्हा सापडलं कसं, ही तर बसमध्ये सांगण्याजोगी हकिगत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फेचबूनचं नाव काढलं की सयामचे, म्हणजे तेव्हाच्या थायलंडचे अधिकारी टाळाटाळ करत, कारण तिथला हिवताप. गेलेला माणूस परत येत नाही अशी ख्याती. राजपुत्र दामरोंग तेव्हा गृहमंत्री होते. अधिकारी जाईनात म्हणून १९०४ मध्ये ते स्वतः निघाले. सोबत दुसरं एक कुतूहल होतं : जुन्या कागदात त्यांना सी थेप नावाचं नगर सापडलं होतं आणि ते कुठे होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. फेचबूनचं काम उरकून पा साकच्या वाटेने परतताना त्यांनी चौकशी करकरून ते रानात गाठलं. ‘फेचबूनचा ताप’ यावर त्यांनी पुढे एक सबंध प्रकरण लिहिलं. मंत्र्याने हिवतापाच्या मुलखात स्वतः जाऊन पाहणं, तेही कचेरी सुधारण्यासाठी, हा प्रकार तेव्हाही दुर्मिळच असणार.

पुढे याच तापाने एक सरकार घालवलं असं म्हटलं तर फारसं चूक नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा थायलंडात होत्या आणि दोस्तांची विमानं बँकॉकवर बॉम्ब टाकत होती. पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांनी राजधानीच फेचबूनला हलवायची ठरवली. चहूबाजूंनी डोंगर, आत शिरायला मोजक्या वाटा. १९४४ मध्ये प्रांताच्या उत्तर भागातल्या लोम साकजवळ नव्या राजधानीचा नगरस्तंभ रोवला गेला. सरकारी खजिना तिथल्या एका गुहेत हलवला. ती ऋषी सोम्बत नावाची गुहा आजही पाहता येते. रस्ते आणि कचेऱ्या बांधायला प्रांताप्रांतातून वेठीने माणसं आणली आणि ती हजारोंनी हिवतापाने मेली. त्या जुलैमध्ये संसदेने राजधानीचं विधेयक फेटाळलं आणि फिबून यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे त्यांनी सांगितलं की डोंगरातून जपान्यांवर उलटायचा आपला बेत होता. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. वेठीवर मेलेल्यांना त्याने काय फरक पडला?

फेचबून शहरात तुमची बस जेवणापुरती थांबली तरी तिथला नगरस्तंभ दाखवा. तो सी थेपहून आणलेला कोरीव लेखांचा दगड आहे. त्यावर संस्कृतही आहे. आणि सहल जर आपल्या पितृपक्षात जात असेल, जी तुम्ही एरवी ‘मंदीचा काळ’ म्हणून स्वस्तात विकता, तर मग वाट त्राय फूम या देवळाचा उत्सव चुकवू नका. शेकडो वर्षांपूर्वी पा साकमध्ये मासे धरणाऱ्यांना डोहात एक बुद्धमूर्ती मिळाली, अशी कथा आहे. त्यांनी ती देवळात ठेवली. थाई दहाव्या महिन्याच्या अमावास्येला ती नाहीशी झाली आणि त्याच डोहात पुन्हा सापडली. तेव्हापासून दर वर्षी त्या तिथीला मूर्ती होड्यांच्या मिरवणुकीने डोहावर नेतात आणि प्रांताचा गव्हर्नर, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या जागी असलेला माणूस, पांढऱ्या-सोनेरी पोशाखात मूर्ती छातीशी धरून नदीत उतरतो आणि डुबक्या मारतो, काही उत्तरेकडे तोंड करून, काही दक्षिणेकडे. पाऊसपाणी नीट व्हावं हा हेतू. ही तिथी बहुतेक वर्षी आपल्या सर्वपित्रीलाच येते. तिकडेही तो पितरांच्या नावाने दानधर्म करण्याचा दिवस आहे. पंधरा दिवसांपूर्वी गणपती पाण्यात सोडून आलेल्या माणसाला, मूर्ती पाण्यातून परत घरी येताना पाहण्यात काय वाटेल हे मी सांगत बसत नाही.

शहराच्या उत्तरेला डोंगर सुरू होतात. इथे खाओ खो. तुमच्यापैकी ज्यांनी इंटरनेटवर फेचबून शोधलंय त्यांना एकच फोटो दिसला असणार : एकात एक बसलेले पाच पांढरे बुद्ध, मागे ढग. ते वाट फा सोन कॅओ हे देऊळ. २००४ मध्ये इथे ध्यानकेंद्र सुरू झालं, पाच बुद्धांची मूर्ती तर त्याहूनही अलीकडची. स्तूपाचा आणि आवाराचा इंच न् इंच फरशीचे तुकडे, बशा, कपबशा, बांगड्या, मणी, शंख-शिंपले यांनी मढवलाय. कोणाला हे भडक वाटेल. मला आवडलं, कारण लोकांनी घरातल्या वस्तू आणून दिल्यासारखं ते वाटतं. पण हेच देऊळ म्हणजे फेचबून असं समजून तासाभरात सेल्फी काढून परतणार असाल, तर पटायातच राहिलेलं बरं.

या सुंदर डोंगरांत १९६८ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत युद्ध चाललं. थायलंडच्या कम्युनिस्ट पक्षाने फेचबून, फित्सानुलोक आणि लोएय या तीन प्रांतांच्या सीमेवर तळ ठोकले. लढणाऱ्यांत डोंगरातले ह्मोंग जमातीचे लोक होते. त्यांच्या गावांवर सरकारी कारवाया झाल्या, गावं उठली, माणसं जंगलात गेली. शहरांतले विद्यार्थी १९७६ मध्ये बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठातल्या हत्याकांडानंतर रानात आले. अखेर १९८० च्या सरकारी आदेशाने शरण येणाऱ्यांना माफी मिळाली आणि बंदुका हळूहळू खाली गेल्या. खाओ खोच्या माथ्यावर संगमरवराचं त्रिकोणी स्मारक आहे, सरकारी बाजूने मेलेल्या हजाराहून अधिक पोलीस, सैनिक आणि नागरिकांचं. दुसरी बाजू पाहायची तर शेजारच्या फू हिन रोंग क्ला राष्ट्रीय उद्यानात जावं लागतं : खडकांच्या भेगांमध्ये लपलेलं मुख्यालय, झाडांखालची राजकीय-लष्करी शाळा, पाणचक्की. १९८४ मध्ये तो सगळा तळच राष्ट्रीय उद्यान झाला. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. एकच दाखवलंत तर अर्धीच हकिगत सांगितल्यासारखी होईल. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना फू हिन रोंग क्लाचे फुगीर, भेगाळलेले खडक तसेही आवडतील.

खाओ खोच्या उत्तरेला फू थप बर्क, फेचबूनमधलं सर्वांत उंच ठिकाण, सतराशे मीटरच्या वर. उतारावर ह्मोंगांचे कोबीचे मळे. ही जमीन सरकारने त्यांना कसण्यासाठी दिलेली. मग ढग पाहायला गर्दी लोटली, बाहेरचा पैसा आला आणि कोबीच्या जागी रिसॉर्ट उगवले. २०१६ च्या सुमारास सरकारने कितीतरी बेकायदा बांधकामं पाडली. महाबळेश्वर-लोणावळ्याच्या डोंगरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय, त्यात तुमच्या धंद्याचा वाटा किती हेही तुम्ही जाणता. म्हणून मुक्कामाचं हॉटेल ठरवताना जमिनीचे कागद विचारा. फू थप बर्कवर मुक्काम टाळून खाओ खो किंवा लोम साकला राहिलात तर उत्तम. पहाटेचे ढग खाओ खोवरूनही दिसतात.

राष्ट्रीय उद्यानांपैकी एकच निवडायचं तर नाम नाओ. १९७२ चं उद्यान, हजार चौरस किलोमीटरच्या जरा आत, लोम साकहून १२ क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेकडे. महामार्ग जंगलातूनच जातो, आणि संध्याकाळी हत्ती डांबरावर येतात; ‘हत्ती पुढे’ अशा पाट्या शोभेच्या नाहीत. थायलंड म्हटलं की नारळ डोळ्यांपुढे येतो आणि इथे उभी पाइनची बनं, खाली गवत, हिवाळ्यात पहाटे कधी कधी गवतावर दहिवर गोठतं. बाकीचं बांबूचं आणि सदाहरित रान. गिबन या वानराचा सकाळचा आरडाओरडा लांबून ऐकू येतो, तो स्वतः दिसत नाही. गवे आहेत. फू फा चित नावाचा माथा सपाट असलेला डोंगर आहे, बाराशे मीटरच्या वर. चढायला दिवस द्यावा लागतो. तुमच्या गटाला चढाई झेपणार नसेल तर उद्यानाच्या मुख्यालयापासून आखलेल्या छोट्या वाटा पुष्कळ आहेत. हत्तींच्या वाटेवर मात्र स्पीकरवर झिंगाट नको. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण का लिहावं लागतंय हे तुम्हाला माहीत आहे.

थुंग सलेंग लुआंग हे १९६३ चं, देशातल्या सुरुवातीच्या उद्यानांपैकी. फेचबूनच्या बाजूने नोंग मे ना इथून आत गेलात की सपाट गवताळ मैदानं आणि मध्ये पाइन. ज्या झाडावरून उद्यानाला नाव पडलं तो आपला काजरा. तात मोकचे धबधबे पावसाळ्याच्या शेवटी पाहावेत. लक्षात असू द्या की राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला थाई माणसापेक्षा जास्त शुल्क पडतं. ते आधीच दरात धरा, दारात उभं राहून हुज्जत घालू नका.

कधी न्यायचं? दिवाळीची सुट्टी सर्वांत योग्य. पाऊस सरलेला, थंडी सुरू व्हायची, सकाळी दऱ्या ढगांनी भरलेल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊस आणि रान जाळल्याचा धूर साचतो. मे महिन्यात ऊन आणि वळीव. मुलांच्या सुट्टीत मे सोयीचा, पण डोंगर पाहायला तो चांगला नाही. तेव्हा पटायाच विका.

जेवणाबद्दल तुम्हाला शिकवायची माझी लायकी नाही, तरी एक सावधगिरी. खाओ खोला कोबीची परतलेली भाजी सगळीकडे मिळते आणि शाकाहारी माणूस ती आनंदाने मागवतो. तिच्यात मासळीचं पाणी, नाम प्ला, असतं. आधी सांगून ठेवावं लागतं, आणि ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मांसाहारी मंडळींची मात्र चंगळ : सी थेपजवळच्या विचियन बुरीची भाजलेली कोंबडी थायलंडभर प्रसिद्ध आहे. फेचबूनची गोड चिंच तर प्रत्येक बॅगेत येईल. आंबटाचा मागमूस नाही, नुसती खात सुटावी अशी. विमानतळावरच्या चॉकलेटांपेक्षा ती वाटा.

चाळीस-पंचेचाळीस सीटची बस खाओ खोच्या चढउतारांवर नेऊ नका. दहा-बारा जणांच्या व्हॅन मिळतात, त्यांचे चालक त्या वळणांना सरावलेले असतात. त्यामुळे दर वाढेल. वाढू द्या. या सहलीला येणारा माणूस पाच हजारांसाठी घासाघीस करणारा नसेल, आणि तसा असेल तर त्याच्यासाठी तुमची जुनी पत्रकं आहेतच.

तुमचं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे : ‘लोक मागत नाहीत.’ लोकांनी ट्युलिप मागितले नव्हते, युरोपातला बर्फही मागितला नव्हता. तुम्ही फोटो छापले, मग मागणी आली. सी थेपचा फोटो छापा. फक्त खाली काय लिहाल ते जपून लिहा.

येत्या दिवाळीच्या पत्रकात हे बसेल असं मी धरून चाललेलो नाही. आधी एक टूर मॅनेजर पाठवा, असा की जो माइक बंदही ठेवू शकतो. त्याला बँकॉकच्या संग्रहालयात एक सकाळ द्या, सी थेपला स्थानिक गाइडबरोबर पूर्ण दिवस द्या, खाओ खो आणि नाम नाओला दोन रात्री. खर्चाचा प्रश्न आला तर पटायातला एक मुक्काम कमी करा. तिथलं सगळं त्याला तोंडपाठ आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमच्याच एका बसमधून पहिल्यांदा थायलंड पाहिलेला
एक प्रवासी